कुंडातले दगड

हेटाब्रेक्का,
१८ सप्टेंबर १९८३

चि. कोल्बेन यास, आसदीसताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मेंढरं डोंगरावरून खाली आली, कानांच्या खुणा बघून ज्याची त्याला वाटली गेली आणि माझा आवाज बसला. तो दर वर्षी ओरडून बसतोच, तेव्हा काळजी नको. शेजारच्या एविंदुरने यंदाही सगळ्यांत जास्त गाणी म्हटली आणि सगळ्यांत कमी मेंढरं धरली. गुडघे धरलेत म्हणे. गाताना बरे असतात त्याचे गुडघे. संध्याकाळी मात्र ओढ्याकाठच्या स्वतःच्या कुंडात गळ्याएवढ्या गरम पाण्यात बसला की उठायचं नाव घेत नाही. त्याचं औषध तेच आणि चर्चही तेच, असं मी त्याला तोंडावर म्हणते. तो हो म्हणतो.

आता माझी फजिती ऐक. पाद्रीबाबा जेवायला येणार म्हणून मी आईच्या पद्धतीने काळ्या पावाचं पीठ भिजवून डब्यात भरलं आणि आपल्या गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या तापल्या मातीत पुरलं. दुसऱ्या दिवशी उकरलं तर मधे गच्च कच्चं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पहिला तुकडा रिवाजाप्रमाणे शेजारी गेला. एविंदुर बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, पाव हट्टी आहे पण मनाने चांगला आहे, थेट तुझ्यासारखा.

काचघरातली टोमॅटोची पानंही मान टाकायला लागली आहेत. झऱ्याचं पाणी काचघरात आणणाऱ्या ज्या नळाला पूर्वी बोट लावता येत नव्हतं, त्यावर आता मी तळहात ठेवून उभी राहू शकते. मला वाटतं पीठ वाईट निघालं असेल आणि नळात गाळ साचला असेल, किंवा माझंच वय झालं असेल. तू जमिनीच्या पोटातलं शिकलास, तुला काय वाटतं ते कळव. सोल्वेगला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी माया या घरावर आहे, ती तशीच राहू दे.
तुझी,
आसदीस

---

बंदरगाव,
९ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस, कोल्बेनचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. पाद्रीबाबांचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

बाहेर बर्फ भुरभुरतंय आणि मी खिडकी सताड उघडी टाकून लिहितोय. वेडा झालो नाही, सगळं गावच असं राहतं. बोअरचं गरम पाणी आल्यापासून प्रत्येक घराला ठरलेल्या मापाची तोटी बसवली आहे. पाणी वापरा नाहीतर सोडून द्या, महिन्याचा आकार तोच. मग रेडिएटर कमी करायच्या भानगडीत कोण पडतो? उकडलं की खिडकी उघडायची. सोल्वेग म्हणते, आपण आकाशाला ऊब देतोय. पण ताई, तेलाच्या शेगड्यांचा तो वास आणि पडद्यांवरची काजळी आठवली की मला ही चैन वाटत नाही. शाळा, दवाखाना, माशांची डोकी वाळवायची शेड, सगळं त्याच पाण्यावर चालतं. वापरून कोमट झालेलं पाणी चर्चच्या चढाखालून फिरवलंय, तिथे आता बर्फ साचत नाही आणि म्हाताऱ्या पडत नाहीत. पोरं तर पोहण्याच्या तलावातच राहायला गेली आहेत. डोक्यावर बर्फ पडतंय आणि ही आत डुंबताहेत.

हिवाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून ऑगस्टात बोअरमधला पंप आणखी खोल उतरवला. गावाच्या पाण्याचं काम माझ्याकडे, तेव्हा निर्णय माझाच होता. सगळ्यांनी पाठ थोपटली.

तुझ्या झऱ्याचं म्हणशील तर झऱ्यांच्या लहरी असतात. डोंगरावरचं पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खालच्या तापलेल्या खडकांत मुरून गरम होतं, हलकं होतं आणि वाट मिळेल तिथून वर येतं. या फेऱ्याला वर्षानुवर्षं लागतात. त्यात कधी एखादी वाट बुजते, एखादी उघडते. तू आधी पीठ बदलून बघ. सोबत नवा डबा पाठवतोय, घट्ट झाकणाचा. सोल्वेगने मोजे विणलेत, तेही आहेत.

आमच्यावर राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझा,
कोल्बेन

---

हेटाब्रेक्का,
१३ नोव्हेंबर १९८३

चि. कोल्बेन यास, ताईचे आशीर्वाद. वि. वि.

मोजे घातलेत. डबा छान आहे, पण त्यातही पाव कच्चाच निघाला. पीठ बदललं, नळ साफ केला, काही उपयोग नाही. काकड्या गेल्या. टोमॅटो मी घोंगड्या पांघरून जगवतेय. काचघर गेलं तर मी इथे काय करू, या विचाराने माझं मेंढरांत मन लागत नाही.

मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. एविंदुरने जूनमध्ये कुंड रुंद केलं होतं. दोन्ही पाय पसरता यावेत म्हणून. आणि आपल्या झऱ्याखालच्या भेगेला नवा नळ लावला होता. तू वाटा बुजण्या-उघडण्याचं लिहिलंस ना, ते वाचल्यावर मला सगळं जुळलं. मी कुंपणाशी त्याला गाठलं आणि नको तितकं बोलले. तू माझ्या टोमॅटोत भिजत बसतोस, म्हटलं. शेजाऱ्याची चूल विझवून अंग शेकतोस आणि वर माझ्याच पावाचा पहिला तुकडा खातोस, म्हटलं. त्याने नुसती टोपी काढून परत घातली.

दुसऱ्या दिवशी बघते तर ढकलगाडीने दगड आणून कुंडात टाकतोय. नळ उपटून बाजूला ठेवलेला. मी काचघरातून बघत होते. थांबवायला गेले नाही. उलट वाटेत एक मोठा चपटा दगड पडला होता, एविंदुर जेवायला गेला तेव्हा मीच तो गडगडवत नेऊन आत ढकलला, लवकर आटपावं म्हणून. आता कुंड भरलंय आणि वर बर्फ आहे. पहिला तुकडा मी पाठवत नाही, तोही मागत नाही.

मी बरोबर केलं ना? मला मधूनच कसंतरी होतं. तुला यातलं कळतं, एका ओळीत कळव म्हणजे माझ्या मनाला स्वस्थता येईल.

भावाची माया एकटीच्या घराला पुरते, ती असू दे.
तुझी,
आसदीस

---

बंदरगाव,
१२ डिसेंबर १९८३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. थंडी फार आहे, गावाला पाणी जास्त लागतंय, मी सारखा पंपाच्या खोलीत असतो. दोन कागद लिहून फाडले, हा तिसरा.

नाताळासाठी धुरावलेलं मटण आणि मुलांनी काढलेली चित्रं पाठवली आहेत. एक विजेची भट्टीही पाठवतोय. पाव त्यात भाज. मातीतली चव येणार नाही, पण कच्चा राहणार नाही. नाही म्हणू नकोस.

एविंदुरवर फार राग धरू नकोस. त्याचं कुंड तसं लहानच होतं. त्याने किती पाणी घेतलं असेल, कोण सांगणार. त्याला सणाला कॉफीला बोलाव, माझ्यासाठी म्हणून बोलाव.

तू एका ओळीत कळव म्हणालीस. ती ओळ लिहायला मला थोडी सवड हवी आहे. आकडे तपासल्याशिवाय बोलणं बरं नाही. हिवाळा सरू दे, मग बघू. सोल्वेग विचारते की मला जेवण का जात नाही. मी म्हणतो, काम आहे.

माझ्यावरचा तुझा लोभ मला हल्ली जड वाटतो, तरी तो हवाच आहे.
तुझा,
कोल्बेन

---

हेटाब्रेक्का,
२२ जानेवारी १९८४

चि. कोल्बेन यास, आशीर्वाद.

भट्टी आली. एविंदुरला बोलावलं नाही. बोलवायला तोंड नव्हतं आणि तेवढा राग गेलाही नव्हता. पण तोच रोज सकाळी येत होता. मी उठायच्या आत काचघरावरचं बर्फ लांब दांड्याच्या फावड्याने ओढून टाकायचा, म्हणजे काच फुटू नये आणि टोमॅटोला उजेड मिळावा. मी कॉफीचा पेला दारात ठेवायचे. तो पिऊन पेला उपडा घालून जायचा. आत पाऊल टाकत नव्हता. चालताना काठी धरून, कण्हत. कुंड बंद झाल्यापासून त्याचे सांधे लाकडासारखे झालेत हे मला दिसत होतं. दिसत होतं, आणि मी पेल्यावर भागवत होते.

गुरुवारी तो घसरून पडला. मांडीचं हाड खुब्याशी मोडलंय. शेजारच्या खोऱ्यातल्या पोरांनी गाडीत घातला आणि तुमच्या गावच्या दवाखान्यात नेला. गाडीत घालताना माझा हात धरून म्हणाला, आसदीस, आता कुंड बुजवलंय, झरा परत येईल, पण त्याला थोडा वेळ दे. मला दोष देतेस ते बरोबरच आहे, असंही म्हणाला. मी घोंगडी नीट केली.

तू त्याला भेटायला जा. भट्टीतला पाव पाठवतेय, पहिला तुकडा त्याचा. त्याला चव लागेल आणि तो मातीतला नाही हे लगेच कळेल. माझा निरोप सांगू नकोस. मला अजून सांगता येत नाही.

त्याच्याकडे लक्ष ठेव, माझ्यावर लोभ केल्यासारखंच होईल.
आसदीस

---

बंदरगाव,
५ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस, सा. न.

आज खुशाली नंतर. आधी ती ओळ लिहितो. तुझा झरा एविंदुरने थंड केला नाही, मी केला.

मला हे तुझ्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. नळावर तळहात ठेवता येतो असं तू लिहिलंस तेव्हाच. तुझा झरा, त्याखालची ती भेग आणि आमचं बोअर ही एकाच पातेल्यातली तीन भोकं आहेत. पाणी खालून वर येतं ते दाबाने. मी पंप खोल उतरवला, भराभर उपसा केला, पातेल्यातली पातळी खाली गेली, आणि सगळ्यांत आधी तुझ्या झऱ्याला गरम पाणी कमी पडलं. एविंदुरच्या कुंडात तर तुझ्या झऱ्याचं सांडलेलंच पाणी जात होतं. त्याने नळ लावला नसता तरी हेच झालं असतं. पंप उतरवण्याआधी मला शंका होती. झरे थोडे कमी होतील असं मी कागदावर लिहिलंसुद्धा होतं. पण थोडे म्हणजे कुणाचे, हे मी मनाला विचारलं नाही.

दवाखान्यात गेलो. एविंदुर उबदार खोलीत पडला होता आणि वरची खिडकी उघडी होती. पावाचा तुकडा खाल्ला आणि म्हणाला, भट्टीतला आहे, पण हात तिचाच. मग मला म्हणाला, तू शिकलेला आहेस, खरं सांग, माझ्या हावरेपणामुळे बिघडलेला झरा किती दिवसांत सावरेल? त्याचे डोळे असे होते, ताई, की मी उशी सारखी केली, विचारून सांगतो म्हणालो आणि बाहेर पडलो. जिन्यातही रेडिएटर तापलेला आणि खिडकी उघडी. गरम हवा रस्त्यावर चालली होती. तुझा झरा मी त्या खिडकीतून जाताना पाहिला.

तुला राग येईल. यावाच. मी भीत होतो की तू मला परकं करशील आणि गाव मला मूर्ख ठरवेल. त्या भीतीपायी मी एका म्हाताऱ्याला दगड वाहू दिले.

लोभ असू दे म्हणायची माझी लायकी नाही.
कोल्बेन

---

हेटाब्रेक्का,
१२ फेब्रुवारी १९८४

कोल्बेन,

तुझं पत्र काचघरात वाचलं. वाचून झाल्यावर घोंगड्या काढून टाकल्या. टोमॅटोकडे बघवेना.

झरा गेला त्याचा राग मी तुझ्यावर करीन, पण नंतर. तू मला पीठ बदलायला सांगितलंस त्याचा आत्ता आहे. मी तीन पिठं बदलली. मग शेजारी बदलला.

आणि तुला शिव्या घालताना माझाच हात मधे येतो. तू खोटं बोलला नाहीस, गप्प बसलास. बोलले ती मी. त्या बिचाऱ्याने स्वतःची बाजू मांडली नाही कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता, माझ्या रागावरसुद्धा.

एविंदुरला तू सांगायचंस. मी माझ्या वाट्याचं सांगीन, तुझ्या वाट्याचं नाही. आणि गाव थंडीत पाडू नकोस. पोरं पोहतात ती पोहू देत, दवाखाना उबदार राहू दे. पण आकाश गरम करणं बंद कर. तेवढं मी हक्काने मागते.

आसदीस

---

बंदरगाव,
२५ मार्च १९८४

ती. ताईस, कोल्बेनचा सा. न. वि. वि.

तू नमस्कार घेतेस की नाही माहीत नाही, तरी लिहितो.

एविंदुरला सांगितलं. खुर्ची जवळ ओढली आणि एका दमात सगळं सांगितलं, नाहीतर पुन्हा उशी सारखी करून पळालो असतो. त्याने मान वळवून वरच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, आधी ती खिडकी लाव, इथे आल्यापासून मानेवर वारा येतोय. मी लावली. आता रेडिएटर कमी कर, म्हणाला. मी चावी फिरवायला गेलो तर ती हलेना. गरम पाणी आल्यापासून कुणी ती कधी फिरवलीच नव्हती, रंगात चिकटून बसली होती. शेवटी रखवालदाराकडून पक्कड आणली. मी घाम पुसत चावी फिरवतोय आणि मागून हा हसतोय. गावाचा पाण्याचा साहेब, म्हणाला, आणि एक चावी फिरवता येत नाही. मग हसू थांबलं आणि त्याने विचारलं की मी आधी कुणाला सांगितलं. ताईला, म्हणालो. तर म्हणाला, बरं केलंस, ती एकटी होती. मला तिथे रडू आलं, लपवत नाही.

गावच्या सभेत मी मीटरचा ठराव मांडला. जितकं पाणी वापराल तितकाच आकार. चुकीचा निर्णय माझा होता हेही सांगितलं. खाटीक म्हणाला, आता नाक शिंकरायलाही मीटर लावा. माझ्या घरमालकिणीने आठवडाभर जिन्यात तोंड फिरवलं. पण दवाखान्याच्या नर्सबाईंनी उठून त्या चावीची गोष्ट सांगितली आणि सभा हसली. आधी मोठ्या इमारतींना मीटर लागणार आहेत, घरांना उन्हाळ्यात. पंप मी वर घेतलाय. वापरलेलं पाणी समुद्रात न सोडता परत जमिनीत घालून बघावं असंही मी सुचवलंय, पण त्याला वेळ लागेल. झरा पुरता परत येईल असं वचन मी देत नाही. आता अंदाजाने काही लिहिणार नाही.

मे महिन्यात त्याला घरी सोडतील. मी गाडीने आणतो आणि दगड काढायला राहतो. अंगणात झोपायला सांगितलंस तरी चालेल.

जुना लोभ मोडला असेल तर नवा मिळवायला येतो.
तुझा,
कोल्बेन

---

हेटाब्रेक्का,
१० जून १९८४

चि. कोल्बेन यास, ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यावर तुझ्या तळहातांचे फोड बरे झाले का? लेखणी धरणारा माणूस फावडं धरतो तेव्हा असंच होतं. कुबड्या टेकून तुला हुकूम सोडताना एविंदुर किती खूश होता ते तू पाठ करून असल्यामुळे तुला दिसलं नाही. तुझ्या जाण्याने तो जरा उदासच झालाय, शिव्या द्यायला कुणी नाही.

नळावर आता तळहात फार वेळ ठेवता येत नाही. फार आनंदू नकोस, बोटभराचाच फरक आहे. यंदा काकड्या लावल्या नाहीत. परवा पाव पुरला होता. मधे सुपारीएवढा कच्चा राहिला, बाकी आईसारखा. पहिला तुकडा घेऊन मी स्वतः गेले. गेल्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

तू जाताना विचारलं होतंस की तो एक चपटा दगड एविंदुरने का काढू दिला नाही. तेव्हा मी कामाचं निमित्त करून आत गेले. तो माझा दगड, मी ढकललेला. त्याला ठाऊक नाही असंच मी धरून चालले होते, आणि तो घरी आल्यावर त्याच्याशी इतकं बोलूनही तेवढं एक सांगायचं मी टाळलं होतं. परवा पाव देताना धीर करून सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे. त्या दिवशी तो जेवायला गेलाच नव्हता, भिंतीआड दम खात बसला होता, त्याने मला दगड ढकलताना पाहिलं होतं. म्हणाला, तोपर्यंत माझ्या मनात शंका होती की एवढ्याशा नळाने झरा कसा थंड पडेल. पण आसदीस स्वतः दगड टाकतेय म्हटल्यावर मी गुन्हेगारच असणार, असं ठरवून टाकलं.

मी तिथेच उभी राहिले. त्याने पाव चावून संपवला. कुंडात घोट्याएवढं कोमट पाणी आलंय, त्यात त्याने दोन्ही पाय सोडले. मग त्या चपट्या दगडावर हात आपटून म्हणाला, बसायला उंची बरोबर आहे, म्हणून राहू दिला, आता उभी राहू नकोस. मी मोजे काढून बसले.

पाणी अजून तेवढं गरम नाही. आमच्या दोघांच्या मधे थोडी जागा आहे. मेंढरं उतरवायला येशील तेव्हा तू बसायचंस, तोवर लोभ धरून ठेवते.
तुझी,
आसदीसताई